उपनगरी क्रिकेट क्लबचे सभासदत्व : मेलबर्नमधील अनुभवाचे परीक्षण

मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांत नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना क्रिकेटची सवय आहे, त्यांच्यासमोर सप्टेंबर उजाडला की दोन पर्याय असतात. एक म्हणजे आपल्याच लोकांनी चालवलेल्या टी-20 लीगमध्ये नाव नोंदवणे आणि दुसरा म्हणजे घराजवळच्या, शंभर-सव्वाशे वर्षे जुन्या स्थानिक क्लबचे रीतसर सभासद होणे. मी दुसरा पर्याय निवडला. त्या सभासदत्वात पैशांच्या मोबदल्यात नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, ते पुढे लिहिले आहे. क्लबचे नाव मुद्दामच देत नाही, कारण येथे सांगितलेले बहुतेक गुणदोष या शहरातील कोणत्याही उपनगरी क्लबात थोड्याफार फरकाने आढळतात. माझे मत आधीच सांगतो : केवळ खेळण्याची सोय म्हणून पाहिले तर शुल्क जरा जास्त वाटेल, पण एका चालत्या संस्थेतील वाटा म्हणून पाहिले तर ते स्वस्त आहे.

प्रौढ खेळाडूला पूर्ण हंगामासाठी साधारण साडेतीनशे डॉलर भरावे लागतात. विद्यार्थ्यांना सवलत असते आणि खजिनदाराशी आधी बोलल्यास हप्तेही बांधून मिळतात. या रकमेत मैदानासाठी कौन्सिलला, म्हणजे स्थानिक नगरपालिकेला, द्यायचे भाडे, स्पर्धा भरवणाऱ्या असोसिएशनची फी, विमा, सामन्याचे चेंडू आणि आठवड्यातून दोनदा होणारा नेटमधील सराव एवढे येते. पांढरे कपडे, क्लबची टोपी आणि स्वतःचे साहित्य यांचा खर्च वेगळा. नुसत्या शुल्कावर क्लब चालत नाही. त्याला बारवरची विक्री, रॅफल, फलकावर जाहिरात लावणारा एखादा स्थानिक प्लंबर किंवा इस्टेट एजंट आणि बनिंग्ज या हार्डवेअर दुकानाच्या दारात सॉसेज भाजून उभारलेला निधी यांची जोड लागते. सभासद झालेल्या माणसाला या प्रत्येक कामात आपली पाळी येणार हे गृहीत धरावे लागते. अर्जावर ही गोष्ट ठळकपणे लिहिलेली नसते आणि ती तशी लिहायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे.

मैदानाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ते कौन्सिलच्या मालकीचे असून ऑक्टोबर ते मार्च क्रिकेटकडे आणि हिवाळ्यात फूटीवाल्यांकडे, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलवाल्यांकडे, असते. त्यामुळे मार्च संपत आला की दोन्ही क्लबांच्या चिटणिसांमध्ये तारखांवरून थोडी ओढाताण होते. पहिला संघ हिरवळीच्या खेळपट्टीवर खेळतो. खालच्या संघांच्या वाट्याला मात्र काँक्रीटवर अंथरलेले कृत्रिम गवत येते, ज्यावर चेंडू अपेक्षेपेक्षा बराच उसळतो. मातीच्या खेळपट्टीवर पुढचा पाय टाकून खेळायची सवय असलेल्या आपल्या फलंदाजांचे पहिले काही शनिवार बोटे शेकण्यात जातात. या कृत्रिम गवतावर खिळ्यांचे बूट चालत नाहीत, रबरी तळव्यांचेच घ्यावेत.

खरी गंमत सामन्याच्या दिवशी असते. टी-20ची सवय झालेल्या माणसाला सर्वांत परके वाटते ते दोन दिवसांच्या सामन्यांचे वेळापत्रक. पहिल्या शनिवारी दुपारी एकच्या सुमारास एक संघ फलंदाजीला उतरतो, सत्तर-ऐंशी षटके खेळतो, आणि दुसरा संघ थेट पुढच्या शनिवारी त्याचा पाठलाग करतो. म्हणजे एखादा फलंदाज पहिल्या दिवशी भोपळाही न फोडता परतला, तर त्याचे सामन्यातील फलंदाजीचे काम तेथेच संपते, आणि उरलेली दुपार त्याने पंचगिरी करण्यात, धावफलकावरचे आकडे बदलण्यात किंवा सीमारेषेबाहेर खुर्ची टाकून गप्पा मारण्यात घालवायची असते. खालच्या श्रेणीत अधिकृत पंच सहसा मिळत नाहीत, त्यामुळे फलंदाजी करणाऱ्या संघातील दोघे जण पांढरा कोट चढवून उभे राहतात. आपल्याच कर्णधाराला पायचीत देण्याचे धैर्य त्यांच्यापैकी फार थोड्यांत असते. चौथ्या संघात गोलंदाजी करणाऱ्याने पायचीतच्या आशेवर राहू नये, यष्ट्याच उडवाव्यात.

चहापानाची जबाबदारी यजमान संघावर असते. पत्र्याच्या डब्यातील बिस्किटे, त्रिकोणी कापलेली सँडविचेस, ओव्हनमध्ये गरम केलेले सॉसेज रोल आणि प्लास्टिकच्या मोठ्या भांड्यात कालवलेले सरबत असा बेत वर्षानुवर्षे ठरलेला होता. शाकाहारी खेळाडूंच्या वाट्याला पूर्वी चीज सँडविच आणि टरबूज एवढेच येत असे. आता आमच्या तिसऱ्या आणि चौथ्या संघात निम्मी नावे भारतीय, श्रीलंकन आणि अफगाण असल्यामुळे त्या टेबलावर समोसेही असतात आणि ते सर्वांत आधी संपतात. 2021च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियातील भारतात जन्मलेल्यांची संख्या 6 लाख 73 हजारांवर पोहोचली होती. त्या आकड्याचा अर्थ या टेबलापाशी उभे राहिले की चांगला कळतो.

एक प्रथा मात्र नवख्याला आधी समजावून सांगायला हवी. अर्धशतक करणाऱ्या किंवा पाच बळी घेणाऱ्या खेळाडूने सामना संपल्यावर सर्वांसाठी बिअरचा जग विकत घ्यायचा असतो. त्यामुळे 49 धावांवर बाद होणाऱ्यावर, जगचा खर्च टाळण्यासाठी त्याने मुद्दाम यष्टी सोडली, असा आरोप हसत हसत ठेवला जातो आणि त्याला ‘जग अव्हॉइडन्स’ असे भारदस्त नावही आहे. न पिणाऱ्यांची यातून सुटका नसते. त्यांनीही जग घ्यायचा आणि तो इतरांनी प्यायचा. आमच्याकडील एका लेगस्पिनरने पाचव्या बळीनंतर जग भरून मँगो लस्सी आणून ठेवली, तेव्हा कार्यकारिणीने ती नियमात बसते असा निर्णय दिला.

क्लबरूमची इमारत बाहेरून पाहिली तर विटांची, बसकी आणि कंटाळवाणी आहे. आत मात्र चारही भिंतींवर सोनेरी अक्षरांचे लाकडी मानफलक आहेत : कर्णधार, चिटणीस, हंगामातील सर्वोत्तम फलंदाज आणि गोलंदाज, तहहयात सभासद. हे फलक वाचायला मी नव्या सभासदाला अर्धा तास काढायला सांगेन. दोन्ही महायुद्धांच्या काळात आमच्या फलकावरील ओळी रिकाम्या आहेत आणि शेजारच्या लहान फलकावर परत न आलेल्यांची नावे आहेत. पुढे पन्नास-साठच्या दशकांत इंग्रजी आडनावांत पहिल्यांदा इटालियन आणि ग्रीक आडनावे मिसळू लागतात, आणि अलीकडच्या ओळींत एक पटेल, एक सिंग आणि दोन सिल्वा दिसतात. ऑस्ट्रेलियातील स्थलांतराचा इतिहास सांगणारे दालन कुठे असेल तर ते अशाच भिंतींवर आहे.

या क्लबांच्या परंपरेचे वजन थोडे लक्षात घेतले तर तेथील शिस्तीचा अर्थ लागतो. मेलबर्न क्रिकेट क्लबची स्थापना 1838ची, म्हणजे शहर वसल्यानंतर अवघ्या तीन वर्षांतली. सिडनीत 1893-94च्या हंगामापासून आणि मेलबर्नमध्ये 1906-07पासून विभागवार क्लब स्पर्धा सुरू झाल्या. खेळाडूने आपण राहतो त्याच भागाच्या क्लबकडून खेळायचे, या तत्त्वामुळे क्लब आणि वस्ती यांची गाठ पक्की झाली. ऑस्ट्रेलियाचा त्या काळचा नामवंत फलंदाज व्हिक्टर ट्रम्पर याने 1903मध्ये सिडनीतील पॅडिंग्टन क्लबकडून खेळताना रेडफर्नविरुद्ध 335 धावा केल्या आणि मैदानाबाहेरच्या बूट कारखान्याच्या खिडकीची काच फोडली, ती क्लबच्याच सामन्यात. डॉन ब्रॅडमन बोरालहून आगगाडीने सिडनीला येऊन सेंट जॉर्ज क्लबकडून खेळत असे, आणि नोव्हेंबर 1926मध्ये पीटरशॅमविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने 110 धावा केल्या. शेन वॉर्नचा क्लब सेंट किल्डा, त्याचे मैदान जंक्शन ओव्हल. कसोटीपटू सवडीने आपल्या जुन्या क्लबकडून खेळतो ही तेथे रीतच आहे आणि त्याचे कोणाला फारसे अप्रूप नसते.

या इतिहासाची दुसरी बाजू क्लबरूमच्या भिंतींवर मात्र क्वचितच दिसते. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागातील हॅरो या गावाच्या क्लबचा जॉनी मुलाघ हा आदिवासी खेळाडू 1868च्या इंग्लंड दौऱ्यावर गेलेल्या आदिवासी संघाचा कणा होता. त्या दौऱ्यात संघ 47 सामने खेळला, मुलाघने 1,698 धावा केल्या आणि 245 बळी घेतले. पुढच्याच वर्षी व्हिक्टोरियात आदिवासींच्या संचारावर सरकारी नियंत्रण आणणारा कायदा झाला. मुलाघ मात्र हॅरोकडून जवळपास अखेरपर्यंत खेळत राहिला. आज मेलबर्नमध्ये 26 डिसेंबरला सुरू होणाऱ्या बॉक्सिंग डे कसोटीतील सामनावीराला त्याच्या नावाचे पदक देतात. 2020मध्ये पहिल्यांदा दिलेले हे पदक अजिंक्य रहाणेला मिळाले हे मराठी वाचकाला माहीत असते, पण ज्याच्या नावाचे ते पदक तो एका खेड्यातील क्लबचा खेळाडू होता हे फारसे माहीत नसते. आमच्या क्लबात हे पदक कोणाच्या नावाचे असे विचारले, तेव्हा दोघांनाच उत्तर आले.

आता माणसांविषयी, कारण शुल्काचा खरा परतावा तेथेच मिळतो. चिटणीस दिवसा एका गोदामात काम करतात आणि रात्री अकराला त्यांचे ईमेल येतात. गुरुवारी सराव संपल्यावर निवड समिती बसते, आणि चौथ्या संघाला अकरावा माणूस मिळेपर्यंत त्यांचा फोन खाली ठेवला जात नाही. आमच्या गुणलेखिका सत्तरी ओलांडलेल्या आहेत. गुणलेखन आता अॅपवर होत असले, तरी त्या प्रत्येक गोलंदाजासाठी वेगळ्या रंगाची पेन्सिल वापरून वही भरतात. टॅब्लेट उन्हात तापून बंद पडला की दोन्ही संघ निमूटपणे त्यांच्या वहीकडे वळतात. त्यांचे यजमान क्लबचे तहहयात सभासद होते आणि आता हयात नाहीत, पण त्यांची खुर्ची साइटस्क्रीनशेजारी त्याच जागी मांडली जाते. नोव्हेंबर 2014मध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज सामन्यात मानेवर चेंडू लागून गेला, तेव्हा देशभरातील लोकांनी घराबाहेर आणि क्लबांच्या दाराशी बॅटी उभ्या केल्या होत्या. त्या दिवसाचे छायाचित्र आमच्या बारच्या मागे आहे. मानेचे संरक्षक नसलेले हेल्मेट घालून नेटमध्ये उतरणाऱ्याला प्रशिक्षक काही न बोलता त्या छायाचित्राकडे बोट दाखवतात.

दोषांबाबत हात राखून लिहिण्यात अर्थ नाही. निवडीत ओळखीपाळखीला वाव आहे. ज्यांचे वडील येथेच खेळले, त्यांना दोन अपयशांनंतर तिसरी संधी मिळते, नव्या माणसाला मात्र एका अपयशानंतर खालच्या संघाचा रस्ता दाखवला जातो. हा भेदभाव वंशाचा आहे की निव्वळ सवयीचा, यावर आमच्यात मतभेद आहेत. माझे मत सवयीच्या बाजूचे आहे, पण ज्याला खाली पाठवले जाते त्याला या फरकाने फारसा दिलासा मिळत नाही. दुसरी तक्रार दारूविषयी आहे. मद्यपानावर मर्यादा घालणाऱ्या ‘गुड स्पोर्ट्स’ कार्यक्रमाची पाटी दारावर आहे, बारवर उभे राहणाऱ्याला प्रशिक्षण घ्यावे लागते, तरीही हंगामाच्या अखेरच्या पारितोषिक समारंभात पाटीकडे कोणी पाहत नाही. तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे. व्हिक्टोरियातील बेंडिगो येथे 1874मध्ये महिलांचा सामना झाला होता, आणि एवढ्या वर्षांनंतरही आमच्या महिला संघाला कपडे बदलण्यासाठी पंचांची खोली वापरावी लागते, कारण इमारत फक्त पुरुषांचा विचार करून बांधलेली आहे. कौन्सिलकडे आराखडा गेलेला आहे, एवढेच उत्तर दर वार्षिक सभेत मिळते.

मुलांच्या विभागाला मी विनासंकोच पूर्ण गुण देईन. लहान मुलांचे सामने शनिवारी सकाळी असतात, प्रत्येकाला फलंदाजी आणि गोलंदाजी मिळेल अशी रचना असते, आणि बाद झालेले मूलही ठरलेले चेंडू खेळून घेते. शिवाजी पार्कच्या नेटमध्ये चेंडू मिळण्यासाठी तासभर वाट पाहिलेल्या बापाला हे लाड वाटतात. परिणाम मात्र चांगला आहे : मुले खेळ सोडत नाहीत. पालकांना प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक म्हणून मदत करायची असेल, तर मुलांसोबत काम करण्यासाठीचा सरकारी पडताळणीचा दाखला आधी काढावा लागतो. स्वयंसेवकांना तो व्हिक्टोरियात मोफत मिळतो.

ज्यांना तीन तासांत सामना आटोपून संध्याकाळी कुटुंबासह बाहेर जायचे आहे, ज्यांना बार्बेक्यूसमोर उभे राहण्याचा किंवा कुंपण रंगवण्याचा कंटाळा आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये, त्यांच्यासाठी टी-20 लीग उत्तम आहे. ज्यांना या देशात कामाच्या ठिकाणाबाहेर एकही स्थानिक माणूस नावाने ओळखत नाही, त्यांनी जरूर जावे. क्लब निवडताना पहिल्या संघाची गुणतालिका पाहू नये. चौथ्या संघाचा सामना पाहायला जावे आणि सामना संपल्यावर किती जण क्लबरूममध्ये थांबतात ते मोजावे. पूर्वतयारीचा सराव ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि त्या काळात शुल्क न भरताही काही दिवस येऊन पाहता येते. पैसे त्यानंतरच भरावेत, आणि भरण्याआधी बारच्या पाळ्यांचे वेळापत्रक मागून घ्यावे.