फोर्ड मॅव्हरिक हायब्रिडचे खरे अ‍ॅव्हरेज: मिशिगनच्या रस्त्यांवरून

फोर्ड मॅव्हरिक हायब्रिड घ्यावी का, असे येथील ओळखीची मराठी मंडळी विचारतात तेव्हा मी आधी त्यांच्या रोजच्या रस्त्याची चौकशी करतो. रस्ता सिग्नलांचा असेल, तर हा छोटा पिकअप ट्रक खिडकीवरच्या स्टिकरवर छापलेल्या आकड्यापेक्षाही चांगले अ‍ॅव्हरेज देतो. रस्ता महामार्गाचा असेल आणि ताशी ७५ मैलांची सवय असेल, तर मात्र हायब्रिडचा फायदा बराचसा वाऱ्याशी झगडण्यात खर्च होतो. डेट्रॉईटच्या पश्चिमेकडील उपनगरांत उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन्ही ऋतूंत ही गाडी वापरल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे, की मॅव्हरिकचे अ‍ॅव्हरेज एका आकड्यात सांगणे हे ऐकणाऱ्याची दिशाभूल करणारे ठरते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजेच ईपीएने, २०२२ च्या मॉडेलला शहरात ४२, महामार्गावर ३३ आणि एकत्रित ३७ मैल प्रति गॅलन असे आकडे दिले होते. आपल्या मापात ते लिटरला अनुक्रमे सुमारे १७.९, १४ आणि १५.७ किलोमीटर होतात. याच ट्रकमध्ये दोन लिटरचे इकोबूस्ट टर्बो इंजिन घेतले आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाच देणारी जोडणी ठेवली, तर शहरात २३ आणि महामार्गावर ३० हे आकडे आहेत. वर्षाला १२,००० मैल केवळ शहरात फिरणाऱ्याचे या आकड्यांनुसार हायब्रिडमुळे सुमारे २३६ गॅलन पेट्रोल वाचते. तेवढेच मैल केवळ महामार्गावर चालवणाऱ्याचे जेमतेम ३६ गॅलन वाचते. गॅलनला ३ डॉलर धरले, तर एकाची बचत ७०० डॉलरच्या वर जाते आणि दुसऱ्याची शंभराच्या आसपास राहते. ट्रक तोच, इंजिन तेच, तरीही दोघांच्या हाती पडणारी गोष्ट इतकी वेगळी असते.

हा फरक का पडतो, हे समजून घेण्यासाठी बॉनेटखाली काय चालते ते पाहावे लागते. येथे अ‍ॅटकिन्सन पद्धतीने चालणारे अडीच लिटरचे चार सिलिंडरी इंजिन आहे. त्यात हवा आत घेणारी झडप नेहमीपेक्षा उशिरा बंद होते, त्यामुळे ताकद थोडी कमी मिळते, पण जळलेल्या इंधनातून अधिक काम काढून घेता येते. त्या कमी ताकदीची भरपाई विद्युत मोटर करते आणि दोघांची मिळून १९१ अश्वशक्ती होते. बॅटरी केवळ १.१ किलोवॅट-तासांची आहे. ती घरी प्लगला लावून भरायची नसते. ब्रेक दाबताना जी ऊर्जा एरवी उष्णता होऊन वाया गेली असती, ती मोटर जनित्रासारखी चालून बॅटरीत परत भरते. सिग्नल सुटल्यावर पुन्हा वेग घेताना तीच ऊर्जा वापरली जाते आणि गाडी थांबलेली असताना इंजिन बंद असते. थांबणे आणि निघणे हीच सामान्य इंजिनाची सर्वांत मोठी उधळपट्टी असल्यामुळे, ती जेथे सर्वाधिक होते तेथेच हायब्रिडची कमाई सर्वाधिक होते. महामार्गावर मात्र ब्रेक क्वचितच लागतो, त्यामुळे परत मिळवण्यासारखे फारसे काही उरत नाही. एवढी लहान बॅटरी सपाट रस्त्यावर काही मिनिटांत संपते आणि मग सारा भार इंजिनावरच येतो.

शहरातील अनुभव मनापासून समाधान देणारा आहे. कँटन ते डिअरबॉर्न या पट्ट्यात फोर्ड रोड किंवा मिशिगन अ‍ॅव्हेन्यूने जाताना दर मैल-अर्ध्या मैलाला सिग्नल लागतो आणि वेग ताशी ४०-४५ मैलांच्या वर फारसा जात नाही. मे ते सप्टेंबर या काळात अशा रस्त्यांवर मला गॅलनला ४४ ते ४६ मैल, म्हणजे लिटरला १९ किलोमीटरच्या आसपास, सहज मिळतात. त्यासाठी मागच्याला वैताग येईल इतके रेंगाळत चालवावे लागत नाही. पुढचा सिग्नल लाल दिसताच पाय लवकर उचलावा आणि ब्रेक हलका पण लांबवर दाबावा, एवढेच पुरते. जोरात ब्रेक दाबला, तर मोटरची ऊर्जा गोळा करण्याची मर्यादा ओलांडली जाते आणि चाकांवरचे नेहमीचे घर्षणाचे ब्रेक कामाला लागतात. तेवढी ऊर्जा मग गेलीच. प्रत्येक थांब्यानंतर समोरच्या पडद्यावर किती टक्के ऊर्जा परत मिळाली ते दिसते. पुण्या-मुंबईच्या गर्दीत गाडी चालवायला शिकलेल्या माणसाला, पुढच्या दोन-तीन गाड्यांच्या हालचालींचा अंदाज घेत चालवण्याची सवय येथे फार उपयोगी पडते.

महामार्गाची गोष्ट वेगळी आहे. पिकअपचे तोंड उभे आणि उंच असते, मागे उघडा हौदा असतो, आणि कोणत्याही विद्युत मोटरने ही ठेवण बदलत नाही. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ६५ मैलांवरून ७५ वर जाताना तो एक तृतीयांशाने वाढतो. सौम्य हवामानात आय-९६ वरून लॅन्सिंगकडे ताशी ६५ मैलांचा क्रूझ कंट्रोल लावून गेले, तर मला ३८ च्या जवळपास मिळतात. ताशी ७५ ला तेच ३२ पर्यंत उतरतात. समोरून वारा असेल तर आणखी दोन-तीन कमी होतात. आय-७५ ने मॅकिनॉ पुलाकडे जाताना उत्तरेच्या मोकळ्या पट्ट्यात सगळे ज्या वेगाने जातात त्याच वेगाने जायचे ठरवले, तर ३० च्या आसपासच्या आकड्यावर समाधान मानावे लागते.

ईपीएच्या महामार्ग चाचणीचा सरासरी वेग ताशी ४८ मैल आणि कमाल वेग ६० मैल आहे, हे येथे लक्षात ठेवावे. २००८ च्या मॉडेलांपासून स्टिकरवरच्या आकड्यांच्या हिशेबात जास्त वेग, एअर कंडिशनर आणि थंडी यांच्या चाचण्यांचीही भर पडली आणि आकडे वास्तवाच्या बरेच जवळ आले. भारतातील वाचकांना हा फरक नीट कळेल, कारण पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने प्रमाणित केलेले आकडे आणि रस्त्यावरचे आकडे यांतील अंतर त्यांच्या परिचयाचे आहे. मारुतीच्या ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा मिळाला, तो ज्या भारतीय चाचणी-चक्रावर मिळाला त्याचा कमाल वेगच ताशी ९० किलोमीटर आहे. म्हणून त्या २७.९७ शेजारी मॅव्हरिकचे १५.७ ठेवून तुलना करणे योग्य नाही. गाड्यांचे आकार वेगळे आहेत हे तर खरेच, पण दोन्ही आकड्यांच्या मोजपट्ट्याही वेगळ्या आहेत.

हिवाळा हा या गाडीच्या परीक्षणातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि उबदार राज्यांत लिहिलेल्या परीक्षणांत नेमका तोच सुटतो. अमेरिकी सरकारच्या इंधन-माहितीनुसार, तापमान २० अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे ७ सेल्सिअसच्या आसपास असताना तीन-चार मैलांच्या छोट्या फेऱ्यांत हायब्रिडचे अ‍ॅव्हरेज ३० ते ३४ टक्क्यांनी घटू शकते, आणि ही घट साध्या पेट्रोल गाडीपेक्षा अधिक आहे. माझा जानेवारी-फेब्रुवारीचा अनुभव या आकड्यांशी जुळतो. शाळा, किराणा, ग्रंथालय अशा फेऱ्यांत गाडी पुन्हा पुन्हा थंड होते, तेव्हा ४५ देणारा हाच ट्रक ३० ते ३२ वर येतो.

कारणे समजली की नाराजी कमी होते. आतल्या माणसांना ऊब हवी असते आणि ती इंजिनाच्या गरम पाण्यातूनच मिळते. म्हणून सिग्नलला उभे असताना जे इंजिन उन्हाळ्यात बंद असते, ते हिवाळ्यात केवळ हीटरसाठी चालू राहते. थंड बॅटरी ऊर्जा घ्यायलाही आखडता हात घेते, त्यामुळे ब्रेकमधून परत मिळणारा वाटा घटतो. थंड हवा दाट असल्याने महामार्गावर अवरोध वाढतो. दर १० अंश फॅरनहाइट उतरणीमागे टायरमधील हवेचा दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो, आणि हिवाळ्यात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये ऊर्जाही थोडी कमी असते. यांतील टायरचा दाब तेवढा आपल्या हातात आहे आणि तो महिन्यातून एकदा तरी पाहावा. दुसरा उपाय म्हणजे कामे एकत्र करणे: चार वेगवेगळ्या छोट्या फेऱ्यांऐवजी एकाच फेरीत सगळी कामे उरकली, तर इंजिन एकदाच तापवावे लागते आणि पुढचे मैल जवळजवळ उन्हाळ्याच्या दराने मिळतात. सीटचा हीटर असलेल्या मॉडेलात केबिनचे तापमान थोडे खाली ठेवता येते, तोही लाभ लहान नाही.

ट्रक म्हणून वापरताना काय होते, याची चिंता अनेकांना असते. माझ्या मते ती अनाठायी आहे. हौद्यात बागेच्या मातीच्या पिशव्या, लाकडी फळ्या किंवा गणेशोत्सवाच्या सजावटीचे सामान भरून उपनगरात फिरताना अ‍ॅव्हरेजमध्ये एक-दोन मैलांचाच फरक पडतो, कारण जास्त वजनाला वेग देण्यासाठी लागलेल्या ऊर्जेतला काही भाग ब्रेक दाबताना परत येतो. वाहून नेण्याची क्षमता १,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६८० किलो आहे आणि घरगुती कामाला ती भरपूर होते. उंची मात्र महागात पडते. हौद्याच्या वर केबिनच्याही पलीकडे जाणारे कपाट उभे करून महामार्गावर नेले, तर वजन कमी असूनही आकडा चटकन पडतो. ट्रेलरचेही तसेच आहे. हायब्रिडची ओढण्याची मर्यादा सुरुवातीच्या मॉडेलांत २,००० पौंडच होती, आणि त्या मर्यादेत राहूनही उंच, चौकोनी ट्रेलर सपाट लाकूडवाहू ट्रेलरपेक्षा कितीतरी अधिक पेट्रोल पितो.

फाळका, म्हणजे हौद्याचा मागचा दरवाजा, पाडून चालवले की हवा आरपार जाते आणि अ‍ॅव्हरेज वाढते, असा एक जुना समज आहे, तो सोडून द्यावा. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक स्थिर भोवरा तयार होतो आणि वरून येणारा प्रवाह त्यावरून सरकत जातो. फाळका पाडला की ही घडी मोडते. हौद्यावर घट्ट आच्छादन बसवल्यास थोडा लाभ होतो, पण केवळ पेट्रोलच्या बचतीसाठी त्यावर शेकडो डॉलर खर्च करावेत, असे मी म्हणणार नाही.

मोजमापाविषयी माझा आग्रह आहे. पडद्यावरचे अ‍ॅव्हरेज हा गाडीने केलेला अंदाज असतो, तेव्हा पंपावरचे गॅलन आणि ओडोमीटरचे मैल यांचा भागाकार करूनच बोलावे. दर वेळी त्याच पंपावर, पहिल्यांदा नळी आपोआप बंद होताच थांबून टाकी भरावी आणि एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये, कारण हायब्रिडची टाकी १३.८ गॅलनची आहे आणि भरण्यातील थोडासा फरकही आकडा एक-दीड मैलाने हलवतो. सलग चार-पाच टाक्यांची सरासरी घेतली की चित्र स्पष्ट होते.

हायब्रिड हा शब्द लागलेले सगळेच पिकअप असे नसतात, हे खरेदीदाराने पक्के लक्षात घ्यावे. फोर्डच्याच एफ-१५० पॉवरबूस्टमध्ये साडेतीन लिटरचे व्ही-६ टर्बो इंजिन आणि मोटर मिळून ४३० अश्वशक्ती मिळते, पण चारचाकी जोडणीत, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळते त्या प्रकारात, २०२१ च्या मॉडेलचा एकत्रित आकडा २४ मैल प्रति गॅलन होता. टोयोटाच्या टुंड्रा आणि टॅकोमा यांच्या आय-फोर्स मॅक्स या हायब्रिड प्रकारातही मोटर आहे ती मुख्यतः ओढण्याच्या जोरासाठी. जड ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी या गाड्या योग्यच आहेत, परंतु पेट्रोल वाचवण्याच्या हेतूने तिकडे वळणाऱ्याची निराशा होईल. मॅव्हरिकची रचनाच वेगळी आहे: ती मूळची मोटारीच्या सांगाड्यावर, पुढच्या चाकांवर चालणारी, तुलनेने हलकी गाडी आहे आणि तिच्यातील मोटर काटकसरीसाठी बसवलेली आहे. २०२१ च्या जूनमध्ये ती जाहीर झाली तेव्हा हायब्रिड हेच मूळ इंजिन होते आणि किंमत वाहतूक शुल्क सोडून १९,९९५ डॉलर होती. मागणी इतकी आली की जानेवारी २०२२ मध्ये कंपनीला त्या वर्षाच्या मॉडेलची नोंदणी थांबवावी लागली. ती किंमत आता इतिहासजमा झाली आहे आणि २०२५ चे मॉडेल त्यापेक्षा हजारो डॉलरनी महाग आहे. त्यामुळे वर सांगितलेला शहर आणि महामार्ग यांचा हिशेब आता अधिक काटेकोरपणे करायला हवा.

२०२५ पासून हायब्रिडमध्ये चारही चाकांची जोडणी मिळू लागली आणि तिच्यासोबत ४,००० पौंड ओढण्याचा पर्यायही आला. ईपीएचे आकडे तिच्यासाठी शहरात ४०, महामार्गावर ३४ आणि एकत्रित ३७ आहेत, तर पुढच्या चाकांच्या नव्या मॉडेलसाठी ते ४२, ३५ आणि ३८ आहेत. चारचाकी जोडणीची किंमत इंधनाच्या बाबतीत इतकी कमी मोजावी लागेल, असे मला वाटले नव्हते, आणि त्याबद्दल अभियंत्यांचे कौतुक करायला हवे. तरीही डेट्रॉईटच्या सपाट उपनगरांत, जेथे रस्त्यांवरचा बर्फ लवकर हटवला जातो, तेथे मी पुढच्या चाकांचा हायब्रिड आणि हिवाळी टायरांचा वेगळा संच सुचवेन. ज्यांच्या घराचा रस्ता चढाचा आहे, ज्यांना बोट किंवा कॅम्पिंगचा ट्रेलर ओढायचा आहे, किंवा जे उत्तर मिशिगनच्या बर्फाळ पट्ट्यात राहतात, त्यांनी चारचाकी जोडणी घ्यावी. आणि ज्यांचे वर्षाचे बहुतेक मैल ताशी ७५ च्या वेगाने महामार्गावर जातात, त्यांनी दोन्ही इंजिनांच्या त्या दिवशीच्या किमती शेजारी ठेवून, वर्षाला वाचणाऱ्या त्या ३६ गॅलनांसाठी किती पैसे द्यायचे ते ठरवावे.