खोक्याऐवजी डाउनलोड: काही महिन्यांच्या वापरानंतर

छायाचित्रे संपादित करण्याचे जे सॉफ्टवेअर मी अनेक वर्षे खोक्यातून विकत घेत आलो, त्याची नवी आवृत्ती या वेळी मुद्दाम डाउनलोड करून घेतली. सॉफ्टवेअरच्या गुणदोषांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे, त्यामुळे मी फक्त ज्या कारणासाठी हा बदल केला त्याविषयी लिहितो. कारण पर्यावरणाचे होते. एखादी वस्तू तयार न करता, न गुंडाळता आणि न वाहून आणता तेच काम होत असेल, तर ती वस्तू मागवू नये, असे मला मनापासून वाटते. परवा हार्ड डिस्क गेली आणि त्यानंतर कंपनीच्या ग्राहकसेवेशी जो वाद झाला, त्यामुळे या मताला एक अट जोडावी लागली आहे.

आधी खोक्याविषयी. मागच्या आवृत्तीचे खोके अजून कपाटात आहे. बाहेर पारदर्शक प्लॅस्टिकचे वेष्टन होते, त्याच्या आत छापील पुठ्ठा, डबी हलू नये म्हणून घड्या घातलेला आणखी एक कोरा पुठ्ठा, प्लॅस्टिकची डबी, जाहिरातींची पत्रके, नोंदणीचे कार्ड आणि सर्वांत शेवटी डीव्हीडी. सीडी असो वा डीव्हीडी, १२ सेंटीमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची ती चकती जेमतेम १५ ग्रॅमच्या आसपास भरते. बाकीचे सगळे वजन तिला दुकानात उठून दिसता यावे म्हणून वाहिलेले असते. शिवाय पॉलिकार्बोनेट, धातूचा अतिपातळ थर, संरक्षक लेप आणि शाई हे सगळे एकमेकांना असे चिकटलेले असते, की ती चकती घरच्या प्लॅस्टिकच्या कचऱ्यात टाकून तिचे पुन्हा काही होत नाही. नवी आवृत्ती आली की दुकानातली न विकलेली खोकी भंगारात जातात, हे वेगळेच.

त्यातून ती चकती छापली त्या दिवशीच जुनी व्हायला लागते. मागची आवृत्ती डीव्हीडीवरून बसवली आणि लगेच अपडेटची मागणी आली, म्हणजे पुठ्ठा आणि प्लॅस्टिकही वापरले गेले आणि डाउनलोडही टळले नाही. काही विक्रेत्यांनी तर पुढे खोक्यातून चकतीच काढून टाकली. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २०१३ च्या खोक्यात बहुतेक ठिकाणी प्रॉडक्ट की, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करण्याचा संकेतांक, छापलेले कार्ड तेवढे असे.

डाउनलोडच्या बाजूने आकडेही आहेत. संगीताच्या सीडींविषयी वेबर, कूमी आणि मॅथ्यूज यांनी २००९ मध्ये केलेल्या अभ्यासात, सीडी पोहोचवण्याच्या सर्वांत काटकसरीच्या पद्धतीशी तुलना करूनही, डाउनलोडमुळे ऊर्जेचा वापर आणि कार्बन उत्सर्जन ४० ते ८० टक्क्यांनी कमी होते, असे दिसले. ग्राहकाने डाउनलोड केलेली गाणी पुन्हा कोऱ्या सीडीवर उतरवली तर फायदा ४० टक्क्यांकडे घसरतो, आणि नाही उतरवली तर ८० टक्क्यांपर्यंत जातो. हा अभ्यास इंटेल आणि मायक्रोसॉफ्टसाठी केलेला होता, हे ध्यानात ठेवूनही त्यातला तर्क मला पटतो.

पण त्याच कूमी यांचा सहभाग असलेला २०१४ चा दुसरा अभ्यास वाचला आणि माझा उत्साह थोडा आवरता घ्यावा लागला. ब्रिटनमधील २०१० च्या परिस्थितीत, सरासरी ८.८ जीबीचा प्लेस्टेशन ३ चा खेळ डाउनलोड करण्यापेक्षा ब्लू-रे डिस्कवर आणण्याचे उत्सर्जन कमी भरले. डाउनलोड फायद्याचे ठरायला खेळ साधारण १.३ जीबीपेक्षा लहान असावा लागत होता. म्हणजे डाउनलोड आपोआप हिरवे ठरत नाही, किती जीबी आणि किती वेळा, यावर ते ठरते. त्यानंतर नेटवर्क बरेच सुधारले आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २०१५ साठी दर जीबीमागे सुमारे ०.०६ युनिट वीज असा अंदाज दिला आणि २००० पासून हे प्रमाण साधारण दर दोन वर्षांनी निम्मे होत आल्याचे नोंदवले. त्यात सर्व्हर आणि घरातला राउटर धरलेला नाही. तरीही दिशा चांगली आहे, आणि म्हणूनच ती सुधारणा निष्काळजीपणामुळे वाया गेलेली पाहून माझा संताप होतो.

आता मुख्य तक्रार. या सॉफ्टवेअरचे प्रत्येक अपडेट म्हणजे संपूर्ण पॅकेज असते. एकदा अपडेटसोबतच्या टिपणात दोन नव्या कॅमेऱ्यांच्या फाइली उघडण्याची सोय एवढेच लिहिले होते आणि उतरले मात्र जवळपास २ जीबी. मध्येच जोडणी तुटली तर पट्टी पुन्हा शून्यावर जाते. तुटलेले डाउनलोड पुढे चालू ठेवण्याची सोय एचटीटीपी १.१ मध्ये, म्हणजे वेबवरून फाइली पाठवण्याच्या नियमांत, १९९७ पासून आहे. फक्त बदललेला भाग पाठवण्याचे तंत्रही जुनेच आहे: गूगलने २००९ मध्ये क्रोमसाठी कूर्जेट ही पद्धत जाहीर केली, तेव्हा दिलेल्या उदाहरणात सुमारे १० एमबीच्या पूर्ण अपडेटचे काम ७८ केबीत भागले होते. एवढे सगळे उपलब्ध असताना एका लहान दुरुस्तीसाठी प्रत्येक ग्राहकाला अख्खे सॉफ्टवेअर पुन्हा पाठवणे हा उधळेपणा आहे, आणि खोके वाचवून जे कमावले ते त्यात हळूहळू गमावले जाते.

हार्ड डिस्क गेल्यावर यात आणखी भर पडली. खरेदीच्या वेळी मिळालेली लिंक उघडेना. ग्राहकसेवेने कळवले की लिंकची मुदत संपली आहे. एकतर वाढीव मुदतीचे शुल्क भरा, नाहीतर जादा पैसे देऊन आम्ही बॅकअप डिस्क टपालाने पाठवतो. जे खोके टाळण्यासाठी मी डाउनलोड घेतले, तेच मला वर पैसे देऊन घरपोच घ्यायला सांगितले जात होते. लायसन्स माझ्या नावावर आहे, प्रॉडक्ट की चालू आहे, मग फाइल देण्यात अडचण कोणती, या प्रश्नाला दोन ईमेलमध्ये तेच छापील उत्तर आले. तिसऱ्या ईमेलनंतर वेगळ्या कर्मचाऱ्याने, कोणतेही शुल्क न मागता, कंपनीच्या साइटवरील एका आडबाजूच्या पानाचा पत्ता दिला. तिथे पूर्ण ऑफलाइन इन्स्टॉलर, म्हणजे इंटरनेटशिवाय सॉफ्टवेअर बसवता येईल अशी फाइल होती आणि ती नीट उतरली की नाही हे तपासण्यासाठी एसएचए-२५६ चा आकडाही दिलेला होता.

त्या पानाने माझे मत पुन्हा बरेचसे बदलले. फाइल एकदाच उतरवली, आकडा जुळवून पाहिला, बाहेरच्या डिस्कवर ठेवली आणि त्याच लायसन्समध्ये बसणाऱ्या घरातल्या दुसऱ्या संगणकावरही तिथूनच बसवली. दुसऱ्यांदा डाउनलोड नाही आणि डीव्हीडीही नाही. अशा पद्धतीने वापरले, तर खोक्यापेक्षा डाउनलोड निःसंशय सरस आहे, असे मी आज म्हणतो. घेणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याला तीन गोष्टी जरूर विचाराव्यात: इन्स्टॉलर जपून ठेवता येतो का, लिंकला मुदत आहे का, आणि अपडेट पूर्ण येते की फक्त बदललेल्या भागाचे.

मी कंपनीला इन्स्टॉलरचे पान खरेदीच्या पावतीतच द्यावे आणि अपडेट लहान करावीत, असे लिहून कळवले आहे. पहिली सूचना मान्य झाल्याचे उत्तर आले. दुसरी तांत्रिक विभागाकडे पाठवल्याचे सांगितले आहे. तोवर स्वयंचलित अपडेट मी बंद ठेवले आहे, आणि सुरक्षेची दुरुस्ती असेल तेव्हाच हाताने उतरवून घेतो.