साडेसातशेची अंकरेषा

गणिताचं तयार सामान विकत घेणाऱ्यांतली मी नव्हे. एकतीस वर्षं शाळेत खडू आणि सुतळी यांवर निभावलं. पण आता इंदूरला सुदामा नगरात घरी सहावी-सातवीची आठ-दहा मुलं येतात, आणि केवलमूल्य (संख्येचं शून्यापासूनचं अंतर, दोन उभ्या रेघांत लिहितात ते) आलं की त्यांचे चेहरे उतरतात. (इथल्या हिंदी पुस्तकांत ‘निरपेक्ष मान’. पुण्याची नात केवलमूल्य म्हणते, म्हणून मीही घरात तेच म्हणते.) खजुरी बाजारात वह्या घ्यायला गेले होते, तिथे एका दुकानदाराने हा अंकरेषेचा संच पुढे केला. साडेआठशे सांगितले, साडेसातशेत दिला. दोन महिने वापरून मग लिहितेय.

डब्यात फ्लेक्सची चटई, पत्ते, दोन फासे आणि एक पुस्तिका निघते. फासे विसरा, त्यांचे ठिपके आठवड्यात पुसले.

चटई मात्र झकास. उणे दहा ते अधिक दहा, एकवीस घरं, एकेक घर वितीपेक्षा थोडं मोठं. पहिल्या दिवशी सगळ्यांना शून्याजवळ गोळा केलं आणि एवढंच म्हटलं, “शून्यापासून चार घरं लांब जाऊन उभे राहा.” सगळा घोळका अधिक चारवर धडकला. एक अबोल मुलगी तेवढी गर्दी टाळून उणे चारवर गेली आणि आपलंच चुकलं असं वाटून परत फिरायला लागली. मी काही बोलले नाही. दुसऱ्याच एकाने तिची घरं मोजली, पुन्हा मोजली, आणि ओरडला, “मॅडम, ये भी चार है!” मग मी म्हटलं, “आता उणे चार घरं लांब जा.” पाचेक सेकंद शांतता. “इतने कदम तो होतेच नहीं, मैं तो घर जाऊँ?” अंतर ऋण नसतं हे फळ्यावर समजावताना माझी अख्खी तासिका जायची.

पुढच्या आठवड्यात शून्याऐवजी दोनवर उभं केलं. तिथून तीन घरं लांब कोण कोण? पाच आणि उणे एक. नववी-अकरावीत हेच |x − २| = ३ होऊन येईल तेव्हा बिचकणार नाहीत, एवढी आशा. एकाला तरीही उणे-अधिक पटेना. त्याला विचारलं, “पलासिया शून्य धर. विजय नगर एका बाजूला, भंवरकुआं दुसऱ्या. भंवरकुआंला गेलास म्हणून ऑटोवाला उणे भाडं घेईल का?” तो हसला, म्हणजे पटलं असावं.

आता पत्ते. केवलमूल्याच्या दोन उभ्या रेघा १८४१ मध्ये कार्ल वायरश्ट्रास या जर्मन गणितीने वापरल्या. त्या रेघा या संचात हुबेहूब इंग्रजी एकासारख्या छापल्यात. सातच्या पत्त्यावर मुलं सरळ “एक सौ इकहत्तर” वाचतात. शेवटी मीच लाल स्केचपेनने सगळ्या रेघा लांब केल्या. शिवाय जोड्या लावायच्या खेळात शून्य ठेवलेलंच नाही, कारण त्याला जोडीदार सापडत नाही! अहो, तीच तर गंमत आहे. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर शून्य लिहून घातलं; ज्याच्या हाती ते उरेल तो जिंकला. दुसऱ्या खेळात ज्याचा पत्ता शून्यापासून लांब, त्याची सरशी. उणे नऊने सहाला हरवलं तेव्हा भांडण झालं: “जिसका उधार ज़्यादा, वो जीता?” हे भांडण होऊ द्यावं, मध्ये पडू नये.

पुस्तिकेवर माझा खरा राग आहे. तिसऱ्याच पानावर मोठ्या अक्षरांत नियम: उणे चिन्ह काढून टाका. माझ्या एका विद्यार्थ्याने तो इमानाने पाळला आणि |३ − ८| चं उत्तर ११ काढलं, कारण उणे काढून त्याने अधिक केलं. त्याला चटईवर तीनवर उभं केलं, आठपर्यंत चालवलं. पाच पावलं. वही स्वतःच खोडली. जी गोष्ट चटई शिकवते तीच पुस्तिका पुसून टाकते, आणि दोन्ही एकाच डब्यात! पुस्तिका मी रद्दीत दिली.

पत्ते बदलून मागायला गेले तर दुकानदार म्हणाला, “मॅडम, माल ऊपर से ऐसा ही आता है।” बरं.

चटई सुटी मिळाली तर चारशेपर्यंत जरूर द्या. मात्र आधी घरची खोली मोजा. ही सव्वापाच मीटर भरते. माझी गच्चीवर अंथरावी लागते, ऊन तापायच्या आत, आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवून. ओली असताना मुलांना चालवू नका. उणे तीनवरून एक जण घसरला, ढोपर फुटलं.