ओवी की कादंबरी? संध्याकाळच्या साहित्यवर्गासाठी निवड करताना

नोकरी-दुकान आटोपून आठवड्यातून एकदा दीड तास साहित्यवर्गाला बसायचं, तर जुनं वाचावं की नवं? पणजी-मडगावकडे दोन्ही प्रकारच्या वर्गांना बसल्यावर माझं मत थोडं एका बाजूला कललं आहे. कुणाला ते उलटंही वाटेल.

जुन्याची धास्ती साधारण पहिल्या महिन्यापुरती असते. फक्त ज्ञानेश्वरी पहिल्या अध्यायापासून धरू नये. बारावा अध्याय सुमारे अडीचशे ओव्यांचा. बैठकीला पंचवीस-तीस घेतल्या तर नऊ-दहा आठवड्यांत हातावेगळा होतो. अडायला होतं ते जुन्या क्रियापदांपाशी आणि विभक्तींपाशी. शब्दांपाशी गोव्यात त्या मानाने कमी, कारण उदक (पाणी), वखद (औषध) घरच्या कोंकणीत रोज कानावर पडतात.

डोकेदुखी असते ती प्रतींची. राजवाडे प्रत आणि साखरे प्रत या ज्ञानेश्वरीच्या दोन संपादित आवृत्त्यांत पाठ, म्हणजे ओवीतले शब्द, वेगळे, ओव्यांचे आकडेही पुढेमागे. ‘माझ्याकडे ही बाविसावी’ यातच दहा मिनिटं जातात. त्या दिवसाच्या ओव्यांची एकच झेरॉक्स सगळ्यांना वाटली की प्रश्न मिटतो. सार्थ प्रत असेल तर अर्थावर कोरा कागद ठेवावा. नाहीतर डोळा थेट खाली घसरतो आणि ओवी वाचायचीच राहते. शिवाय शिक्षकाचा कल प्रवचनाकडे असेल, तर भाषा बाजूला पडते.

खास गोव्याचं काही हवं असेल तर फादर थॉमस स्टीफन्स यांचं बायबलमधल्या कथांवरचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण आहे. १६१६ साली ते रायतूरला रोमी लिपीत छापलं गेलं. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती १९५६ची. ओव्या अकरा हजारांच्या घरात, तेव्हा निवडक प्रसंगच घ्यावेत.

नव्याची बाजू लंगडी नाही. स्वतः लिहायचं असेल किंवा शिक्षण इंग्रजीतून झालं असेल, तर तिथेच लवकर पाय रोवता येतात. मर्ढेकरांची एक कविता दीड तासाला पुरते, आणि १९५६ साली ते गेल्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेल्या कवितांवर आता स्वामित्वहक्क राहिलेला नाही. प्रती काढायला आडकाठी नाही. बोरकर १९८४ला गेले, त्यांच्या कवितांना ही मोकळीक अजून नाही.

तरी माझा कौल फिरला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासाने: घरून वाचून न येणं. कादंबरीची ऐंशी पानं आठवड्याला ठरतात आणि पंधरातले चौघेच वाचून येतात. मग शिक्षक कथानक सांगत बसतात, न वाचलेले त्या सारांशावरच मतं देतात, आणि कुणाच्या नजरेतून सांगितलंय, काळ कुठे मागे जातो, वाक्य मध्येच का तोडलंय, हे राहूनच जातं. यात आळसाचा भाग थोडा. मोठ्या माणसांचे आठवडे असेच असतात. चवथीला पंधरवडा मोडतो, जत्रा सुरू झाल्या की पुन्हा तेच, आणि तोवर आधीच्या प्रकरणातली पात्रं डोक्यातून गेलेली असतात. जुन्या छापातल्या कादंबरीच्या पंधरा प्रती मिळवणं हा वेगळाच उपद्व्याप. पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तक सापडलं तरी एका प्रतीवर वर्ग चालत नाही.

ओवी मात्र वर्गातच मोठ्याने वाचली जाते. एकाने वाचायची, दुसऱ्याने अन्वय लावायचा, म्हणजे शब्द गद्याच्या क्रमाने मांडायचे, तिसऱ्याने सोप्या मराठीत सांगायचं. मागचे दोन आठवडे चुकवलेला माणूसही अर्ध्या तासात सूर पकडतो.

म्हणून नाव घालण्याआधी एवढंच विचारावं: वाचन वर्गात होतं की घरून करून यायचं? घरून म्हणाले आणि तरीही नवंच वाचायचं असेल, तर कथा किंवा कविता घेणारा वर्ग शोधा. दहा-बारा पानांची कथा वर्गात वाचून उरलेल्या वेळात चर्चाही होते. कादंबरी घ्यायचीच झाली तर चवथीनंतर सुरू होणारी तुकडी पाहावी, आणि पहिली चाळीस पानं आधीच वाचून जावं.