.३२ रिव्हॉल्व्हर: पोलादी की टायटॅनियमचं?

परवाना हातात पडला, आता साधं पोलादी .३२ घेऊ की टायटॅनियमचं 'निर्भीक', असं खानापूरच्या पाहुण्यांनी विचारलंय. दोन्ही कानपूरचीच, सहा बारांची, काडतूसही तेच. भांडण उरतं ते धातूचं, आणि माझी तीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर गेलीत.

पिस्तुलाचं आधी मिटवतो. चपटं, खिशात दिसत नाही. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये बंदुकीची बिनधुराची दारू निघाली म्हणून तर ते जमलं. जुन्या काळ्या दारूच्या काजळीत एवढी नाजूक स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, कितीशी चालली असती? पण ती मागे ओढायला बोटांत जोर लागतो, आणि माझा उजवा अंगठा मशीननं आधीच खाल्लाय.

पोलादी हत्यार नऊ वर्षं बाळगलं. खोटं कशाला बोलू, नेम त्याच्यावरच छान बसायचा. पण आपला पाऊस! जांबोटीकडून भिजत आलं की आधी हत्यार पुसायचं, मग जेवायचं. तेही चाललं असतं. एका निवडणुकीला ते ठाण्यात जमा केलं. परत मिळालं तेव्हा नळीच्या डाव्या अंगाला तांबूस अंगठा उमटलेला, रेषा मोजाव्यात असा. कुणाच्या तरी घामातलं मीठ. कोणाला विचारणार? तेल लावून घासलं, तर गंजाबरोबर निळं पॉलिशही गेलं आणि खाली बारीक खड्डे राहिले. ते बोटाला लागायचे. माझं मन तिथंच उडालं.

'निर्भीक' २०१४ मध्ये आलं. वजन ५०० ग्रॅमच्या आसपास, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. एवढी का, ते टर्नरला विचारा: टायटॅनियम कापताना उष्णता चिपबरोबर, म्हणजे निघणाऱ्या किसाबरोबर, जात नाही, टूलच्या टोकालाच बसते, टूल हां हां म्हणता खलास. मरून रंगाची दागिन्यांसारखी पेटी मिळते. 'ह्यात माझं गंठण मावलं असतं की वो,' ही म्हणाली. हलकं असल्यानं झटका मात्र हाताला कळतो. सराव नसेल तर पहिली गोळी वर जाईल.

अथणीकडच्या कोरड्या हवेत, तिजोरीत ठेवायचं असेल तर पोलादी घ्या, पैसे वाचतील. खानापुरात मी तरी घेणार नाही. आणि हो, चंदगडला सासुरवाडी आहे ना? परवान्यावर क्षेत्र कुठलं लिहिलंय ते बघा. नुसतं कर्नाटक असेल तर हद्दीपलीकडच्या शिनोळीतही नेता येणार नाही.

पुढच्या निवडणुकीला निर्भीकही जमा केलं होतं. त्यावरही बोटं उमटून आली. शर्टाच्या टोकानं पुसली.