रजक, मुनीम, पगार, वादळ: कोड्यातल्या शब्दांना कुठली चाल मानवते?

शब्दकोडं सोडवणारी चार माणसं जमली आहेत, सुटलेल्या उत्तरांवर गमतीची कविता करायची टूम निघाली आहे, आणि आता प्रश्न पडलाय की कशात लिहायचं: ओवीत, श्लोकात, वात्रटिकेत की पाच ओळींच्या लिमरिकमध्ये? आमच्या पाच जणांच्या टोळक्याने चारही करून पाहिलंय. तुलना सोपी व्हावी म्हणून चारही ठिकाणी एकाच कोड्यातले शब्द घेतो: रजक (म्हणजे धोबी), मुनीम, पगार, वादळ.

आधी मराठी कोड्याची एक मेहेरबानी सांगायला हवी, कारण निवड तिच्यावरच ठरते. आर्थर विनचं पहिलं कोडं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये 21 डिसेंबर 1913 रोजी छापून आलं. तेव्हापासून इंग्रजी कोड्यात एका घरात एक लिपिचिन्ह बसतं. ‘ऑरेंज’ला सहा घरं लागतात आणि तोंडात ते दोनच ठोक्यांत संपतं. आपल्याकडे एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-अनुस्वारासकट. ‘लक्ष्मी’ला दोनच घरं. आणि आपली ओवी-अभंगाची परंपराही अक्षरंच मोजते. म्हणजे उत्तर सापडतं तेव्हाच ते मोजून आलेलं असतं, कवितेसाठी बोटं मोडायची गरज नाही. मात्र घरं लघु-गुरू, म्हणजे अक्षर आखूड (एक मात्रा) की लांब (दोन मात्रा), हे सांगत नाहीत. ‘रजक’ आणि ‘पगार’ दोन्ही तीन घरांचे, पण पहिल्यात तीन मात्रा, दुसऱ्यात चार. सगळी रड इथून सुरू होते.

ओवीत ही रड नाही. ज्ञानेश्वरीच्या वळणाची ओवी साडेतीन चरणांची. पहिल्या तीन चरणांत यमक, चौथा आखूड आणि मोकळा, अक्षरसंख्याही ताणता येते.

मुनीम बसला मोजित पगार ।
वादळ शिरले फोडून दार ।
नोटा उडाल्या नदीच्या पार ।
रजक म्हणे, धुऊ का? ॥

चारही शब्द आले, एकाचंही शेपूट ओढावं लागलं नाही. कोड्यात ‘रजक’, ‘वासर’ (म्हणजे दिवस), ‘सदन’ असे रोजच्या बोलण्यातून उठून गेलेले शब्द फार असतात. ओवीत ते परके वाटत नाहीत, तिचा कान जुनाच आहे. तो आखूड चौथा चरण तर विनोदाला आयता मिळालेला. तीन चरण गंभीर चेहरा ठेवायचा आणि चौथ्यात जीभ काढायची. उणीव एवढीच की सगळ्यांच्या ओव्या महिन्याभरात सारख्या वाटू लागतात. आमच्याकडे एका पावसाळ्यात सलग चार रविवार कुणीतरी नदीपार गेलंच.

श्लोकाचं, म्हणजे इथे भुजंगप्रयाताचं, उलट आहे. चाल सगळ्यांच्या कानात बसलेली, कारण समर्थांचे मनाचे 205 श्लोक लहानपणी कुणी ना कुणी घोकून घेतलेले असतात. ओळीत बारा अक्षरं, लगागा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) चार वेळा. यात दोन लघु कधीच शेजारी येत नाहीत. म्हणजे ‘रजक’ (तीन लघु) या घरात पाऊलही ठेवू शकत नाही. ‘रजका’ केलं तरी नाही, ‘रजकाने’ केलं तरी नाही. ‘वादळ’ तसाच बाहेर, ‘वादळे’ केलं तर मधल्या दारातून शिरेल. ‘मुनीम’ आणि ‘पगार’ मात्र एक काना दिला की जणू याच वृत्तासाठी जन्मलेले:

मुनीमा, पगारा किती लांबवीसी?
उधारी गळा देतसे रोज फाशी

चारातले दोनच शब्द बसले, पण म्हणताना काय मजा येते! मोठ्या आवाजात, मान डोलवत, पगाराचं रडगाणं. विषय जितका क्षुद्र तितका हा थाट हसवतो. आमच्यातले एक काका दुसऱ्या कशात लिहीतच नाहीत, आणि शब्द बसला नाही की दोष कोडं रचणाऱ्याला देतात. तरी नव्या माणसाला मी हे पहिल्या दिवशी सुचवणार नाही. तो लगागा मोजत बसतो आणि गंमत करायची राहून जाते. कोड्याआधीचेही असले हट्ट आपल्याकडे होतेच. मोरोपंतांनी ओठ न लावता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण रचलं, म्हणजे प-फ-ब-भ-म वर्ज्य. त्यापुढे रजकाला गाळणं काहीच नाही.

वात्रटिका मधली वाट. आम्ही ओळीत सोळा मात्रा धरतो, आठ-आठचे दोन तुकडे:

रजक म्हणाला मुनीमजींना
डाग कशाचा खिशास पडला?
मुनीम म्हणतो, पगार होता
वादळ येता तोही उडला!

रजकाच्या तीन मात्रा इथे चालतात, पुढच्या शब्दात हिशेब जुळवता येतो. चारही शब्द बसले, चावाही आला. पण वात्रटिकेला टोक लागतं, आणि टोकासाठी कुणीतरी टोचून घेणारा लागतो: पालिका, मंत्री, जावई. कोड्याचे शब्द मात्र बिचारे निरुपद्रवी असतात. ‘घागर’, ‘सतार’, ‘दव’ यांतून राजकारण ओढून काढताना पुष्कळदा शब्द ठिगळासारखे दिसतात आणि कविता आधीच ठरवलेली होती हे उघडं पडतं. रोज वर्तमानपत्र चावून वाचणारी मंडळी असतील तर हीच निवडा, एरवी अधूनमधून.

लिमरिक एडवर्ड लिअरच्या 1846 च्या पुस्तकानंतर इंग्रजीत रुजलं. पाच ओळी, पहिली-दुसरी-पाचवी एका यमकात, मधल्या दोन आखूड.

एक होता मुनीम वाईचा
पगार द्यायचा घाईचा
वादळ आलं
काय झालं?
रजकाने धुतला सदरा शाईचा!

मुलं असतील तर डोळे मिटून हेच. गावाचं नाव घ्या, यमक आपोआप निघतं. अडचण मोजणीची. हे बोलीच्या ठेक्यावर चालतं, आणि बोलताना ‘कागद’ची तीन घरं दोन ठोक्यांत संपतात. कोड्याने फुकट दिलेलं माप इथे वाया जातं, म्हणून कान चांगला नसेल तर ओळी लंगडतात. माझी पाचवी ओळ लंगडते आहेच.

हायकूचा विचार पाच-सात-पाच अक्षरांमुळे कुणीतरी मांडतंच. माप जुळतं, पण स्वभाव जुळत नाही. त्या निवांत क्षणात मुनीम घुसवला की दोघंही अवघडतात.

खेळायचं कसं, हेही जवळपास तितकंच महत्त्वाचं. एकेक चरण पुढच्याकडे देत जायचं असेल तर ओवी, कारण मागच्याने काय केलं ते निस्तरायला तिच्यात जागा आहे. वात्रटिका साखळीने करू नका, शेवट ज्याच्या वाट्याला येतो तो सूड घेतो. मंडळी लांब असतील तर प्रत्येकाने आपली आपली पूर्ण करून पाठवणं बरं: उन्हाळ्यात आपल्याकडे रविवारी सकाळचे नऊ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत शनिवारचे रात्रीचे साडेअकरा असतात, आणि जांभई देणाऱ्या भाचीकडून तिसरा चरण मागणं हा छळ आहे. जोर आला की समस्यापूर्ती करून पाहा. एकाने कोड्यातला शब्द घालून शेवटची ओळ द्यायची, बाकीच्यांनी वरचं भरायचं. कालिदासाच्या नावावर सांगतात ती ‘ठठं ठठं’ची समस्या हीच: निरर्थक ठ-ठ मिळाले आणि त्याने जिन्यावरून गडगडणारी सोन्याची घागर उभी केली.

एक नियम मात्र पहिल्याच दिवशी ठरवा: उत्तराला प्रत्यय लावायचा की नाही. ‘रजकाने’ चालणार का? आम्ही विभक्तीला मुभा दिली, समासाला नाही. त्यामुळे ‘पगारवाढ’ बाद झाली आणि एक जण दोन आठवडे रुसला.

मला विचाराल तर पहिले दोन महिने ओवी, मग ज्याला ज्याचा नाद लागेल ते. चार शब्दांपेक्षा जास्त घेऊ नका, आणि त्यातला एक तरी असा असू द्या की ज्याचा अर्थ त्या सकाळपर्यंत कुणालाच माहीत नव्हता.