रेझिन आणि घरी केलेले साचे : आठ महिने वापरून

फेब्रुवारीत पहिली बाटली उघडली, आता ऑक्टोबर लागला. एवढ्यात साडेसहा किलो इपॉक्सी रेझिन (हार्डनर मिसळलं की काचेसारखं घट्ट होणारं द्रव) आणि साच्याचं चार किलो सिलिकॉन (घट्ट झालं की रबरासारखं होणारं) संपलंय. कारखाना म्हणजे सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घराची गच्चीवरची खोली. रेझिन तीन कंपन्यांचं वापरून झालं. त्यांच्यात डावं-उजवं करण्यासारखं काही सापडलं नाही, आणि जे बिघडलं ते बहुतेक माझ्या हाताने, नाहीतर हवेने बिघडलं.

विकतच्या साच्यातच ओतायचं असेल तर या नादाला लागू नका, हे आधीच सांगते. पहिले दोन महिने मीही तेच केलं. षटकोनी कोस्टर, सोनेरी कडेचा ट्रे, पंखाच्या आकाराची डिश. कुठल्याही प्रदर्शनात जा, दहा टेबलांवर हेच मांडलेलं असतं, कारण साचे सगळ्यांकडे तेच. रेझिन मोजायला आणि ढवळायला महिनाभरात येतं. खरं काम साच्याचं आहे, पैसेही तिथेच घालावेत. हे मला एका लाकडी पानाने शिकवलं.

मिरजेला सतारमेकर गल्लीत आमच्या ओळखीचे एक कारागीर आहेत. सतारीच्या भोपळ्याला जिथे दांडी जोडतात तिथे कोरीव लाकडी पानं बसवलेली असतात, बघितली असतील. त्यातलं एक चिरलेलं पान कोपऱ्यात पडलं होतं. मागितलं तर म्हणाले, "न्या की वहिनी, चुलीतच जायचं होतं." वर सल्लाही दिला, की लाकडावर काहीही ओतायच्या आधी चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात मारा, नाहीतर लाकूड सोडायचं नाही. सिलिकॉन त्यांनी आयुष्यात हातात घेतलं नसेल, पण हा सल्ला बरोब्बर होता. कोरं लाकूड, प्लास्टर, भाजलेली माती यांना बारीक छिद्रं असतात, त्यात सिलिकॉन शिरून बसतं. चपड्याने ती बुजतात.

सनबोर्डच्या पट्ट्या ग्लू गनने जोडून पेटी केली आणि पान तळाला चिकटवलं. किती सिलिकॉन लागेल हे कळायला पान आत असतानाच पेटीत तांदूळ भरायचे आणि तेच तांदूळ मापाच्या भांड्यात ओतून बघायचे. माझे ४२० मिली भरले. सिलिकॉन पाण्यापेक्षा थोडं जड, म्हणून १.१ ने गुणून ४६० ग्रॅम. त्यात शंभराला तीन या हिशोबाने चौदा ग्रॅम हार्डनर. ओतताना उंचावरून, बारीक धारेने आणि एकाच कोपऱ्यात ओतायचं. धार ताणली गेली की बुडबुडे वाटेतच फुटतात, आणि सिलिकॉन आपलं आपण पुढे सरकत पानावर चढतं. सकाळी पेटी फोडली तर पटाशीचा एकेक फटका त्यात उतरलेला.

आणि एक केस. चपडा लावताना ब्रशचा केस पानाच्या देठाशी चिकटला होता. मला दिसला नव्हता, साच्याने मात्र पकडला. आजवर त्या साच्यातून तेवीस पानं काढली, तेवीसच्या तेवीस पानांच्या देठाशी तो केस आहे. चकाकीचंही तसंच. मूळ वस्तू गुळगुळीत असेल तर रेझिन आरशासारखं निघतं, खरबरीत असेल तर धुरकट. नंतर पॉलिश करू म्हणून इथे काटकसर केली तर पुढे ४०० पासून २००० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत ओलं घासत बसावं लागतं. एका पानाला दीड तास. मी बसलेय, म्हणून सांगते.

दोन भागांच्या साच्यात मात्र मी सपशेल आपटले. घरातल्या पितळी कोयरीचा साचा करायचा होता. खालचा अर्धा भाग घट्ट झाल्यावर त्याच्यावरच वरचा ओतला. सिलिकॉन दुसऱ्या कशाला फारसं चिकटत नाही, पण सिलिकॉनला सिलिकॉन असं चिकटतं की अख्खा ठोकळाच झाला. मधे व्हॅसलिनचा पातळ हात फिरवायचा राहिला होता. शेवटी ब्लेडने नागमोडी चिरून कोयरी बाहेर काढली. गंमत म्हणजे तो चिरलेला साचा रबरबँड लावून अजून चालतोय, नागमोडी चीर आपोआप नीट जुळते. जाऊबाईंच्या मुलाने शाळेच्या क्लेचा हत्ती केला होता, त्यावर मी महागातलं प्लॅटिनमवालं (प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारं) सिलिकॉन ओतलं. चार दिवस ते च्युइंगमसारखंच राहिलं. अशा बऱ्याच क्लेमध्ये गंधक असतं आणि गंधकाशी या सिलिकॉनचं वाकडं आहे. साधं टिनवालं तिथे चाललं असतं.

आता रंग. सांगलीत राहून हळद घालून बघायची नाही म्हणजे काय! बाजारातले रंग महाग, आणि घरात राजापुरी हळदीचा डबा भरलेला. साठ ग्रॅम रेझिनमध्ये पाव चमचा हळद घातली, सुरेख पिवळी धम्मक झाली. मग तीस ग्रॅम हार्डनर ओतलं आणि ढवळता ढवळता पिवळं गेलं, केशरी आलं, पुढे चक्क तांबूस. मला वाटलं हळदीत भेसळ. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या हसायलाच लागल्या. "अगं, हळदीचं कुंकू कसं करतात मग? चुना लागला की हळद लाल होती." हार्डनरमध्ये अमाइन असतं, ते चुन्यासारखंच अल्कधर्मी. पान पिकल्या आंब्याच्या सालीच्या रंगाचं निघालं आणि आजवरचं सगळ्यात देखणं तेच होतं.

होतं म्हणायचं कारण, ते मी दक्षिणेच्या खिडकीत टांगलं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे हळदीचे डाग पडलेलं लुगडं उन्हात वाळत घालणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत आहे. ते रेझिनमध्ये बुडवल्यावरही खरं असेल हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. दीड महिन्यात खिडकीकडची बाजू फिकट बिस्किटासारखी झाली. त्याच दिवशी ओतलेलं दुसरं पान देवघराशेजारी अंधाऱ्या भिंतीवर आहे, ते तसंच्या तसं. पारदर्शक रेझिनचंही तेच दुखणं. तुळशीकट्ट्यावर ठेवलेला तुकडा चार महिन्यांत चहाच्या पाण्यासारखा पिवळा पडला. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, थेट उन्हात ठेवू नका.

मे महिन्यात मोठा ट्रे करायला घेतला आणि प्लास्टिकच्या ग्लासात तीनशे ग्रॅम मिश्रण केलं. फोन वाजला. सात-आठ मिनिटांनी परत आले तर ग्लास वाकलेला, आतून धूर. रेझिन घट्ट होताना स्वतःच तापतं. ग्लासात गोळा करून ठेवलं की ती उष्णता बाहेर पडत नाही, साच्यात पसरलं की निवांत होतं. त्यातून सांगलीचा मे. आता एका वेळी दीडशे ग्रॅमच्या वर कालवत नाही आणि फोन खाली ठेवून येते.

पावसाळ्यात गणित उलटं. जुलैत अख्खी सांगली आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघत होती, ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि मी हवेतला दमटपणा मोजणाऱ्या हायग्रोमीटरचा काटा. तो ८५ टक्क्यांच्या खाली येईना. ओतलेल्या प्रत्येक वस्तूवर मेणचट थर, बोट लावलं की ठसा. साबणाच्या कोमट पाण्याने धुतल्यावर तो थर जातो, पण आतली धूसर छटा जात नाही. नीट न वाळलेली शेवंती घातली होती ती तर भोवती दुधाळ वलय घेऊन बसली. शेवटी पिलांना ऊब देतात तसा खोक्यात साठचा बल्ब लावला, साचे आत ठेवले आणि स्वतः समोर बसून राहिले. बल्ब लावून खोकं सोडून जायची माझी हिंमत नाही. चाललं, पण एवढा खटाटोप करण्यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये फक्त साचे करावेत.

चिकटपणाचं दुसरं कारण पावसाचं नाही, आपलंच असतं. रेझिन-हार्डनरचं माप वजनाचं आहे की आकारमानाचं ते वाचा. माझं २:१ वजनाने होतं आणि पहिल्या दोन वेळा मी चमच्याने मोजलं. ग्लासाच्या कडा खरवडून ढवळा, मग दुसऱ्या ग्लासात ओतून पुन्हा ढवळा. कडेचं न मिसळलेलं रेझिन जिथे पडेल तिथे महिना गेला तरी डाग ओलाच राहतो.

हातमोज्यांबद्दल मी आळशीपणा केला. जूनमध्ये मनगटावर पुरळ उठलं आणि त्वचेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की ही ॲलर्जी एकदा बसली की सहसा जात नाही. आता नायट्राइलचे मोजे, लांब बाह्या, आणि काडतुसाचा मास्क, म्हणजे वाफ शोषणाऱ्या फिल्टरच्या डब्या लावलेला. सर्जिकल मास्कने वाफ अडत नाही. घासताना कोरडी धूळ तर अजिबात नको.

वापराचं थोडक्यात. कोस्टर करणं मी सोडलं. पाहुण्यांनी स्टीलच्या पेल्यातला उकळता चहा ठेवला आणि पेल्याचं वर्तुळ कायमचं उमटलं, हे रेझिन पन्नास-साठ अंशांनाच मऊ पडतं. पणती, उदबत्ती यावर ठेवू नये, खायचं तर नाहीच. भिंतीवरची पानं, दारावरची नावाची पाटी, किल्ल्यांचा स्टँड, देवघराची चौकट, इथे ते शोभतं आणि टिकतंही. विकून पाहिलं. सामानाचे पैसे सुटले, वेळेचे नाही.

पानाचा साचा आता पातळ कडेला फाटत आलाय आणि आतली चकाकीही गेलीय. रेझिन दर वेळी थोडं थोडं ओरबाडतं. परवा मूळ पान पुन्हा पेटीत चिकटवलं, चपड्याचा एक हात दिला. त्याआधी तो केस ब्लेडने काढून टाकला. ब्लेड जरा जास्त लागलं, आता तिथे एक ओरखडा आहे.